चेंबरवरचा बाक

"इथे झाकण नाही हं, सांभाळून," असं मागे वळून सासूबाईंना सांगत असतानाच माझा पाय चेंबरात गेला. गुडघ्यापर्यंत. हातातला जिलबीचा पुडा मात्र मी वर धरला होता, हे घरात कोणीच लक्षात घेतलं नाही.

आमच्या सरकारी क्वार्टरांच्या गल्लीतलं ते झाकण वर्षभर गायब होतं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि रोज तिन्हीसांजेला त्या याच वाटेने देवळात जायच्या. मी पडलो तर लोक हसतात. त्या पडल्या असत्या तर हाड मोडलं असतं. अर्ज दिला, तर उपयंत्री, म्हणजे आमच्या वस्तीचे कनिष्ठ इंजिनियर, म्हणाले, "भाईसाब, ढक्कन का बजट नहीं है."

आणि मार्च संपत आला तसे ट्रॉली भरून सिमेंटचे बाक आले. सौंदर्यीकरणाचा पैसा उरला होता, तो परत जाऊ नये म्हणून. जागा सापडेना, तेव्हा पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून मांडले. बसणाऱ्याने भिंत बघावी! मी स्वतः टी. टी. नगरच्या कचेरीत बाबू. मार्चमध्ये पैसा कसा उडतो हे मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे त्या महिन्यात पडदे बदलतात. पण त्या दिवशी डोकंच फिरलं.

शेजारच्या तिघांना हाक मारली, एक बाक ओढत आणला आणि चेंबरवर आडवा ठेवला. माझ्या कमरेत उसण भरली, म्हणून त्यावरच बसलो. लोकांना वाटलं, सत्याग्रह. मीही वाटू दिलं.

रविवार असूनही उपयंत्री स्कूटरवरून आले. मार्चच तो.

"सरकारी संपत्ति हटा दी? उठिए, ऊपर फोटो भेजना है."

"ढक्कन लाइए, उठ जाऊँगा."

"आपके दफ्तर में लिख दूँगा."

बदली झाली तर मुलीच्या दहावीचं काय? "लिखिए," मी म्हणालो. आवाज जरा चिरकलाच. "ये भी लिखिए कि बेंच किस चीज़ पर रखी थी. और फोटो यहीं का भेजिए."

एवढ्यात सासूबाई मेथीची जुडी घेऊन आल्या, चाचपडत बाकाची कड शोधली आणि शेजारी बसल्या.

"जावईबापू, सरका थोडं. काय म्हणतो हा?"

"उठा म्हणतो."

"त्याला म्हणावं, मेथी निवडून होऊ दे."

मेथी निवडून झाली, तरी आम्ही उठलो नाही. दिवेलागणीच्या आत झाकण आलं. ते बसवल्यावर मी विचारलंच, पैसा कुठला?

"अब वो भी बताऊँ?"

"हाँ, बताइए."

सौंदर्यीकरणाचाच होता.

घरी आल्यावर माझ्या कमरेला बाम चोळत बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं सरकारी खुर्चीत बसलात, तुमच्या बसण्याचा लोकांना उपयोग झालेला आज पहिल्यांदाच बघितला."