आधी सोला, मग बोला

छापलेल्या बातम्या रद्दीत जातात. न छापलेल्या मात्र डोक्यात बसतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे किस्से होतात. मी आयुष्यभर बातमीदारी केली, चार संपादकांशी भांडलो, त्यामुळे माझ्याकडे न छापलेला माल भरपूर! त्यातला उत्तम माल एकाच घरातला आहे. अंबरनाथच्या रेचेलमावशींच्या स्वयंपाकघरातला.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. घाणे गेले, शनिवार राहिला. शनिवारी संध्याकाळी आकाशात चांदण्या दिसल्या की शब्बाथ, म्हणजे त्यांचा कामबंदीचा दिवस, संपतो आणि मावशी गॅस पेटवतात. मग त्यांचे भाऊ शिमोनकाका त्यांच्या धर्मग्रंथातली एखादी गोष्ट मराठीतून सांगतात आणि वाद घालायला सगळ्यांना मोकळीक असते. अट एकच. मोसमाची जी भाजी असेल ती निवडत बसायचं. ज्याचे हात रिकामे, त्याने तोंड उघडायचं नाही!

मी बेलवलीचा पाटील, आगरी माणूस. माझं तोंड आधी उघडतं. तिथे कसा पोचलो ते सांगतो.

*

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीने पत्रकारांना आपला सांडपाण्याचा प्लॅंट दाखवायला बोलावलं होतं. खालच्या वस्तीत नाल्याच्या वासाने माणसं भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसतात, पोरांच्या अंगावर चट्टे उठतात, आणि इथे आम्हाला समोसे!

प्लॅंटच्या शेवटी काचेची टाकी होती. टाकीत नारिंगी मासे. मॅनेजर म्हणाला, "आमचं शुद्ध केलेलं पाणी! मासे जगतात, आणखी काय पुरावा पाहिजे?"

शेजारी लॅबमधला केमिस्ट उभा होता, डॅनियल. मी त्याला विचारलं, "हे मासे कधीपासून आहेत?"

"साहेबांना विचारा," तो म्हणाला. टाकीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. तिथेच मला वास आला.

त्याच शनिवारी त्याचं घर गाठलं. डॅनियल हा रेचेलमावशींचा मुलगा. मी दारातूनच सुरू केलं, "तुम्ही फक्त तुमचं नाव द्या, बाकी मी बघतो!" तो काही बोलायच्या आत मावशींनी माझ्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं सरकवलं. पावसाळ्याचे दिवस. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा त्यांचा उपास जवळ आला होता, आणि त्या उपासाला बिरडंच लागतं.

"आधी सोला, मग बोला."

मी रागारागात वाल दाबत सुटलो. सालं निघाली, पण दाणेही फुटले. मावशींनी पातेलं परत ओढून घेतलं.

"पाटीलभाऊ, दाबल्यावर सगळंच बाहेर येत नाही. काही नुसतं फुटतं."

त्यानंतर मी दर शनिवारी जायला लागलो. संपादकाचं म्हणणं साफ होतं. आतल्या माणसाचं नाव नसेल तर बातमी नाही. आणि नाव आलं, तर डॅनियलची नोकरी नाही.

*

लछूभाईंचं उल्हासनगरला शोभेच्या माशांचं दुकान. त्यांच्या मुलीचं बाळंतपण मावशींनी केलेलं, तेव्हापासून शनिवार चुकवत नाहीत. थंडी पडली होती, तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं चाललं होतं. काका सांगत होते सदोम गावाची गोष्ट. गाव इतकं बिघडलं की देव ते जाळायला निघाला. अब्राहाम आडवा आला. पन्नास भले लोक सापडले तर सोडशील? चाळीस? तीस? असं करत त्याने देवाला दहावर आणलं.

लछूभाई खूश! "साईं, ये तो अपना आदमी निकला! पण दहावर का थांबला? मैं होता तो एकावर आणला असता. एक भला माणूस मिला, गाव छोड दो, बात खतम!"

काका म्हणाले, "बरं, एकावर सौदा झाला. आता त्या एकाचं नाव सांगा."

लछूभाईंनी पुढची शेंग सोलायला घेतली. डॅनियल पाणी प्यायला उठला तो बराच वेळ आलाच नाही.

*

जानेवारीत मी सगळ्यांना माझ्या बेलवलीच्या शेतावर पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा नि कोंबडी भाजून खायला नेलं. मावशींसाठी मडक्यात नुसत्या वालाच्या शेंगा आणि बटाटे. मडकं भाजेपर्यंत काकांनी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या दोन सुइणींची गोष्ट काढली. तिथल्या राजाचा, फारोचा हुकूम होता, इब्री म्हणजे ज्यू बाईला मुलगा झाला की तिथल्या तिथे मारायचा. दोघींनी हुकूम मोडला आणि राजाला तोंडावर सांगितलं, त्या बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात!

"झूठ बोलीं?" लछूभाईंनी विचारलं.

"बोलल्या. आणि देवाने त्यांचं भलं केलं."

मावशी विस्तवाकडे बघत होत्या. त्या स्वतः सुईण, एका खासगी नर्सिंग होममध्ये कामाला होत्या. म्हणाल्या, "मलाही एकदा बाजूला घेतलं होतं. मुलगी झाली तर ती रडलीच नाही, मेलेलीच आली असं सांगायचं. घरचे उभे, डॉक्टर मान खाली घालून उभा. मुलगीच झाली. मी दार सताड उघडलं आणि तिच्या तळव्याला अशी टिचकी मारली, अख्ख्या वॉर्डाने रडणं ऐकलं. मग म्हटलं, मी काय करू, मी धरायच्या आत रडली!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! नोकरी गेली. पोरगी आहे."

त्या दिवशी शेंगा कोणी मोजून खाल्ल्या नाहीत, पण डॅनियलने एकही खाल्ली नाही.

*

जूनमध्ये बदलापूरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. आमच्याकडे शेवळं कोळंबीत करतात. बायकोने केली, मी डबा भरून मावशींकडे नेला आणि झाकण उघडल्यावर कपाळाला हात मारला. खवलं नसलेलं पाण्यातलं काहीही त्यांना चालत नाही!

लछूभाई म्हणाले, "मौसी, थोडा चख लो. कौन देखता है?"

"मी बघतेय ना," मावशी म्हणाल्या आणि डबा शेजारी देऊन आल्या.

लछूभाई ओशाळले. विषय बदलायला म्हणून बोलून गेले, "अपने डॅनी को देखो, कितना शौकीन! सारखे मासे नेतो माझ्याकडून. नारिंगीवालेच पाहिजेत. सबसे अच्छा कस्टमर!"

मावशींनी घरभर नजर फिरवली. त्या घरात माशांची टाकी नाही!

त्या दिवशी निवडायलाही शेवळंच होती, आणि ती साफ करताना हात चुरचुरतात. सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. मावशींनी एवढंच विचारलं, "जुने कुठे जातात रे?"

डॅनियल हात धुवायला उठला.

*

त्यांचं नवं वर्ष येतं ते भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला. मावशी त्यासाठी गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हलवा करतात. आटेपर्यंत ढवळत राहायचं, हात बदलत. त्या शनिवारी बातमी कळली की डॅनियलची बहीण इस्रायलला आहे, तिने याचे कागद तयार केलेत आणि हा चालला!

काकांनी नेमकी योनाची गोष्ट काढली. देवाने सांगितलं, निनवे शहरात जा आणि त्यांना त्यांचं पाप सांग. योना उलट्या दिशेला पळाला, याफाच्या बंदरात जाऊन जहाजात बसला.

"याफा कहाँ है?" लछूभाईंनी विचारलं.

"इस्रायलमध्ये."

"लो! तो वहाँ से भागा, अपना डॅनी वहीं भाग रहा है!"

मी भडकलो. "जा बाबा, पण तिकडे पोचल्यावर तरी नाव दे! तिथे तुझं कोण काय वाकडं करणार आहे?"

काकांनी हलव्यातला डाव माझ्या हातात दिला. "योनाने जहाजातून निरोप पाठवला नाही, पाटील. त्याला त्या शहरात पायी जावं लागलं. ढवळा."

*

कंपनीला कारखाना वाढवायचा होता, म्हणून अंबरनाथमध्ये जनसुनावणी लागली. मंचावर अधिकारी, पुढे कंपनीच्या लोकांची रांग, मागे वस्तीतली माणसं. मॅनेजरने पडद्यावर टाकीचा फोटो लावला. "आमच्या पाण्यात मासे जगतात!"

पुढच्या रांगेतून डॅनियल उठला. माईक मागितला. मॅनेजरला वाटलं, आपलाच माणूस, आपल्याच बाजूने बोलणार!

"मी डॅनियल. लॅबमध्ये केमिस्ट आहे. ते मासे जगत नाहीत. तपासणी असली की मेलेले काढून मी नवे सोडतो."

सव्वा वर्ष मी जे नाव मागत होतो, ते स्पीकरवरून सगळ्या हॉलने ऐकलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, नावासकट.

पुढच्या शनिवारी गेलो तर मावशींनी मलिद्याची तयारी मांडलेली. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, फळं. संकटातून सुटका झाली की एलियाहू नबीच्या नावाने हे ताट करतात.

मी म्हटलं, "मावशी, सुटका कुठे झालीय? संकट आत्ता सुरू झालंय! मलिदा कसला?"

"नारळ खवा," मावशी म्हणाल्या.

मी खवत होतो, लछूभाई केळी चिरत होते, तेवढ्यात डॅनियल आला. हातात काचेची मोठी बरणी, बरणीत स्वच्छ पाणी आणि त्यात फिरणारे टाकीतले नारिंगी मासे.

"गेटवर म्हणाले, तुझं सामान घे आणि जा." त्याने बरणी ताटाशेजारी ठेवली. "नोकरी गेली, आई."

मावशींनी बरणी उचलून दिव्याच्या उजेडात धरली.

"मासे आहेत," त्या म्हणाल्या.