चोपदाराचं नाक

नवे पैसे चालू झाले त्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, तीन रुपये बारा आण्यांच्या रंगांत मी माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न जवळजवळ मोडलं. हजर होते ते असे: मी, माझी बायको, मेहुणा दगडू आणि एक शेळी. शेळीचं नाव मुद्दाम घातलं आहे, कारण पुढच्या प्रकारात निम्मा दोष तिचा आहे. (बायकोच्या मते पाव.)

आमचं गाव मुळशी तालुक्यातलं भरे. पिरंगुटच्या बाजूला एका भाताच्या गिरणीवर मी हिशेब लिहायला होतो. दिवसभर आकडे लिहिणाऱ्या माणसाला एखादा नाद लागतो, तसा मला चित्रं काढायचा होता. नाद म्हणजे व्यसन नव्हे, पण बायकोने या दोन्हींत कधी फरक केला नाही. सरळ चित्र मला येत नसे. समोर माणूस आला की त्याच्या चेहऱ्यातली एखादी गोष्ट, कुणाचे कान, कुणाची हनुवटी, मला हाक मारी आणि कागदावर उतरताना दीडपट होऊन उतरे. भात भरडायला आलेला शेतकरी पोतं खाली ठेवेपर्यंत पुडीच्या कागदावर तयार! स्वतःचं चित्र बघून तो हसे आणि शेजाऱ्याचं बघून जास्त हसे. ते हसणं ऐकून मला जे सुख होई, ते पगाराच्या दिवशीही कधी झालं नाही.

दुसऱ्यांनी काढलेली चित्रं जमवायचाही तेवढाच सोस. पुण्याला गेलो की रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक आणून त्यांतली हास्यचित्रं कापायची. कापडाच्या ताग्यांवरची रंगीत चित्रं दुकानदाराकडे लोचटासारखी मागायची. काडेपेट्यांचे छाप पाण्यात भिजवून अलगद सोडवायचे. हा सगळा ऐवज एका पत्र्याच्या ट्रंकेत असे. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझी मुलगी हौसा, दोघं जमिनीवर पालथं पडून एकेक चित्र बघत असू.

"आबा, ह्या मानसाचं प्वाट बगा! आदी प्वाट घरात येतंय, मागनं मानूस!"

मग आम्ही दोघं इतकं हसायचो की बायको चुलीपुढून ओरडायची, "त्या ट्रंकंत लुगडी असती तर कसर तरी लागली असती! ह्या कागदांना ती बी लागंना!"

तर या हौसाचं लग्न नेऱ्याच्या गणपतशी ठरलं. आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत चुन्याने पांढरी करून तिच्यावर चित्रं काढतात. दारावर गणपती, खाली नवरानवरीची नावं, बाजूला हत्ती, भालदार, चोपदार. हे काम पौडचा रंगारी करी. पण त्या तिथीला लग्नं इतकी, की त्याने मला सरळ सांगितलं, "आता म्होरल्या सालचं लगीन आसंल तर बोला."

"दाजी, घरात पेंटर आसताना भाईरचा कशाला?" दगडू म्हणाला.

मला हेच हवं होतं. बायको मात्र काळजीत पडली. "गनपती काढा, हत्ती काढा, पन मानसं काढू नगा. मानूस दिसला की तुमाला चळ भरतोय."

"चोपदार मानूसच आसतोय की गं."

"मंग त्येला पाटमोरा काढा!"

पाटमोरा चोपदार कुणी ऐकलाय? मी दुर्लक्ष केलं.

ती पांढरी भिंत बघून मला काय झालं ते सांगता येत नाही. आजवरचं सगळं आयुष्य मी पुडीच्या कागदावर काढलं होतं, आणि आज समोर आख्खी भिंत! शिंदीचं देठ ठेचून कुंचले केले. नीळ, काव, हळद, काजळी, आणि बाजारातून आणलेली हिरवी-गुलाबी पूड. दगडू रंग कालवत होता, मी शिडीवर. गणपती हात जोडून अगदी सरळ काढला. (तिथे नाक वाढवायला वावही नव्हता.) खाली नावं घातली, नवरी काढली. हत्ती उत्तम उतरला. सोंड वर, डोळा मिस्कील. हत्तीवर राजा हवा. राजाला मिश्या हव्यात. आणि मिश्या म्हटल्यावर मला साखरपुड्यात पाहिलेल्या, नवऱ्याच्या मामाच्या, दोन्ही कानांपर्यंत गेलेल्या मिश्याच आठवल्या. हात थांबेना!

हत्तीपुढे काठी धरून चालणारा चोपदार राहिला होता. चालणारा माणूस बाजूने काढावा लागतो. बाजूने काढायचा तर नाक आलं. आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच नाक घर करून बसलं होतं. ते म्हणजे आमचे व्याही खंडूबाबा यांचं. कपाळापासून निघालेलं, मध्ये एकदा थांबून विचार केलेलं, आणि मग पुढे गेलेलं. असं नाक हातातून सोडणं कोणत्याही चित्रकाराला जमलं नसतं.

बायको चहा घेऊन आली आणि कपबशीसकट थबकली.

"ह्यो कोन?"

"चोपदार."

"चोपदाराला इवायाचं नाक?"

"नाकासारखं नाक आसतंय गं."

"आसलं नाक सगळ्या मुळशीत येकच हाय! पुसा आदी!"

मी फडकं उचललं, तशी तीच पुन्हा ओरडली, "आवो, पुसताय काय? गनपती झाला, पोरीचं नाव झालं, हळदीची बोटं लागली. लग्नाच्या भितीवर पोतेरं फिरवून अपशकून करताय व्हय?"

पुसायचंही नाही आणि ठेवायचंही नाही! बायको मटकन उंबऱ्यावर बसली. "आता पोरीला जलमभर सासरी आयकावं लागंल. तुज्या बापानं आमच्या मालकाला दारात काठी दिऊन हुबा केला. उटता बसता त्येच!"

आत हळदीच्या अंगाने बसलेल्या हौसाने हे ऐकलं. एरवी अशा चित्राला ती पहिली हसली असती. त्या दिवशी हसली नाही. तेव्हा मात्र मी कुंचला खाली ठेवला. माझी गंमत तिला आयुष्यभर पुरणार होती, आणि ती फेडायला मी तिथे असणार नव्हतो.

दगडूने तोड काढली. आंब्याचा भरघोस टहाळा चोपदाराच्या तोंडावर बांधून टाकला. खाली धड, वर झाड. "कुनी इचारलं तर म्हनायचं, मांडवाची शोभा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वऱ्हाड आलं. बैलगाड्या, सनई, हलगी. देवळात उतरून, गूळपाणी घेऊन मंडळी मांडवाकडे निघाली. मी पुढे होऊन व्याह्यांची गळाभेट घेतो आहे, तोच दगडूने सैल बांधलेली शेळी सुटली, भिंतीला दोन पाय लावून उभी राहिली आणि तिने शोभा खायला सुरुवात केली! आधी चोपदाराचं कपाळ दिसलं. मग डोळा. मग बराच वेळ नाक.

"हाड्! हाड्!" करत शेळीला हाकलायला खंडूबाबा स्वतः धावले आणि नेमके भिंतीला बाजू करून उभे राहिले. दोन नाकं एका ओळीत! सनईवाल्याचा सूर मध्येच तुटला. पोरं खिदळायला लागली. खंडूबाबांनी मान वळवली, चोपदाराकडे पाहिलं, स्वतःच्या नाकाला हात लावला. तेवढ्यात नवऱ्याचे मामा ओरडले, "आरं, ह्यो हत्तीवर म्या हाय की!"

हे ऐकल्याबरोबर खंडूबाबांनी पागोटं सावरलं आणि आल्या पावली देवळात परत गेले. निरोप आला, 'इवायांना सांगा, राजा मांडवात हायेच. चोपदाराचं काय काम?'

मी धावत देवळात गेलो. खंडूबाबा मारुतीकडे तोंड करून बसले होते.

"इवाई, चुकलं माजं. नाक लई वाढलं."

"नाकाचं बोलू नगा!" ते गरजले. "नाक माजं हाय, माज्या बापाचं हाय, पोराला बी त्येच हाय. त्येची मला लाज न्हाई. पन ह्यो माजा मेव्हना, वरसातनं दोन डाव माज्याकडं बियाणं मागाय येतोय, त्यो हत्तीवर? आन म्या त्येच्या म्होरं काठी आपटत चालतोय? नेऱ्यात त्वांड कुटं दावू?"

"मंग काय करू म्हनता?"

"त्येला खाली उतरवा."

मामा मागोमाग आलेच होते. "म्या उतरत न्हाई! जलमात पयल्यांदा हत्तीवर बसलोय!"

"चितरात हायेस, गाढवा!"

"चितरात तर चितरात!"

मुहूर्त गोरज. सूर्य डोंगराकडे झुकलेला. भटजी मांडवात आणि नवऱ्याचा बाप देवळात. मी रिकाम्या हाताने परत आलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दगडू म्हणाला, "दाजी, दुसरा हत्ती काढा, त्येच्याहून उच्चा." पण भिंतीवर जागा होती ती फक्त गोठ्याच्या अंगाला. व्याह्यांना गोठ्यात बसवलं असतं तर लग्न तर मोडलंच असतं, वर डोकीही फुटली असती.

इतक्यात मुंडावळ्या बांधलेली हौसा दारात आली. आया-बाया "अगं, भाईर येऊ नगंस!" म्हणत असताना ती खाली उतरली आणि भिंतीसमोर उभी राहिली. ट्रंक उघडल्यावर बघायची तशी, मान तिरपी करून, सगळं चित्र बघत राहिली.

"आबा, हत्तीची सोंड वर हाय न्हवं?"

"हाय."

"आन खाली त्ये हुबं हायेत. मंग सोंडंत माळ द्या की."

क्षणभर मला कळेना. आणि मग कळलं तेव्हा मी उभ्या उभ्या रंगाचं भांडं शोधायला लागलो! गोष्ट तर आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली. राजा मेला की हत्तीच्या सोंडेत माळ देतात आणि हत्ती ज्याच्या गळ्यात माळ घालील तो राजा. हळद आणि काव कालवून मी अशी घसघशीत झेंडूची माळ काढली, की ती सोंडेतून सुटून थेट चोपदाराच्या गळ्यावर आली. पागोट्याला तुरा लावला. काठीला मूठ काढली, ती तलवार झाली. नाकाला हात लावला नाही.

दगडू खंडूबाबांना बळेच घेऊन आला. ते चित्राकडे बघत राहिले. एकदा मामांकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे.

"म्हंजी ह्यो हत्तीवर बसून मला माळ घालाय आलाय?"

"व्हय."

"आन राजा म्या?"

"नाकावरनंच कळतंय," बायको म्हणाली. (हे वाक्य मला सुचलं असतं तर!)

खंडूबाबा हसले. आधी नाक हललं, मग ते. मामा म्हणाले, "म्या हत्तीवर हाय न्हवं? मंग बास." सगळं मिटलं असं वाटतंय, तोच मागून विहीणबाईंचा आवाज आला, "राजाला रानी नसती व्हय?"

राणी काढली. राणीला तिची नथ कमी वाटली, वाढवली. भटजी "वडिलांना बोलवा" म्हणून ओरडत होते आणि वडील शिडीवर! कन्यादानाला मी तसाच बसलो, कोपरापर्यंत निळा. हौसाचा हात जावयाच्या हातात दिला, तेव्हा तिघांचे तळवे निळे झाले.

पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याजवळ आली. दारावर गणपतीखाली मी नवरी काढली होती, तिच्याकडे बोट करून म्हणाली, "समद्यांना वढलं-ताणलं. सासऱ्यांचं नाक, मामाच्या मिश्या. मला येकलीलाच कॅलेंडरातल्या लक्षुमीवानी का काढलं? माजं कायबी मोठं केलं न्हाई."

तिच्या पुढच्या दोन दातांनी मला ते आल्या दिवसापासून हाक मारली होती. पण त्या भिंतीवर तिला काढताना हातच चालला नाही. चेष्टा करायला माणूस घरात असावं लागतं. ती तर निघाली होती.

"दिवाळीला यी. मंग काढतो," मी म्हणालो. ती रडता रडता हसली, आणि ते दोन दात दिसले.

दिवाळसणाला ती आली. मी शब्द पाळला. मोठा कागद घेतला, दिवसभर बसलो आणि ट्रंकेसमोर पालथी पडून हसणारी हौसा काढली. दात पुढे, ती मागे. ती पोट धरून हसली, चित्राची गुंडाळी केली आणि सासरी घेऊन गेली.

आठवडाभराने खंडूबाबा गिरणीवर आले. वीस माणसांसमोर गुंडाळी माझ्या पुढ्यात उलगडली.

"ह्ये काय हाय?"

"हौसा हाय."

"आमच्या सुनंचे दात आसले हायेत?"

"थोडे..."

"थोडे बी न्हाईत! माज्या नाकाची चेष्टा केली, म्या काय बोललो न्हाई. पन आमच्या पोरीला हसायचं काम न्हाई, सांगून ठिवतो! दंड भरा. येक लुगडं, चांगलं काठाचं."

'आमच्या पोरीला' म्हणाले! माझे डोळे भरून आले. ते दंडाच्या भीतीने, असा लोकांचा समज झाला.

"भरतो," मी म्हणालो. "पन चितर मला परत द्या."

"चितर कशाला? त्येला काच लावायची हाय." आणि गुंडाळी काखेत मारून ते चालते झाले.

येणेप्रमाणे, एका हिरव्या लुगड्याचे चौदा रुपये मी चुकते केले आणि लुगडं हौसाला पोहोचलं. माझं एखादं चित्र एवढ्या मोठ्या किमतीला जाण्याची आयुष्यातली ही पहिली आणि शेवटची वेळ. पैसे तेवढे मीच दिले!