चौथ्या परिच्छेदातला पत्ता

एका दैनिकाच्या वाशीमच्या जिल्हा कार्यालयात बरीच वर्षं मी बातम्या कापल्या. तालुक्याहून येणारी बातमी लांब असे आणि पानावरची जागा आखूड. मग शेवटचा परिच्छेद जाई. तरीही बसली नाही तर त्याच्या वरचा. म्हणून प्रत्येक नव्या तालुका प्रतिनिधीला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली जाई: महत्त्वाचं ते वर लिहा, खालचं कापलं जाणार आहे. सांगणारा मीच असे.

ते कार्यालय बंद झाल्यावर मी वेबसाइटसाठी लेख लिहू लागलो. काम दोन वाक्यांत सांगता येतं. ज्या वेबसाइटकडे कोणी फिरकत नाही तिच्या विषयावर उपयोगी लेख लिहायचा, तो पोर्टलना आणि साप्ताहिकांना फुकट छापायला द्यायचा, आणि लेखासोबत वेबसाइटचा पत्ताही छापला जाईल एवढं पाहायचं. वाचणाऱ्यांपैकी काही जण त्या पत्त्यावर येतात.

याला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत, पण आमच्या जिल्ह्यातल्या पत्रकारांना यात नवं काही नव्हतं. एकानं बातमी लिहायची आणि बाकीच्यांनी तीच आपापल्या पेपरला पाठवायची, ही पद्धत मोबाइलच्या आधीपासूनची. दुसऱ्या दिवशी चार पेपरांत एकच बातमी असे, एकाच चुकीसकट. त्यामुळे लेख कोणाला द्यायचा, तो किती वाजता उचलतो, मथळा बदलतो की नाही, हे मला विचारावं लागत नव्हतं. हे काम आपल्याला येतं याबद्दल मला शंका नव्हती. आजही नाही.

धाकटी बहीण किन्हीराजाला दिली आहे. ती कृषी पदवीधर. एका बियाणं कंपनीत ती गावोगाव फिरून बियाण्याच्या पिशव्या खपवण्याचं काम करी. गेल्या हिवाळ्यात तिनं नोकरी सोडली आणि एक वेबसाइट काढली. त्या वेबसाइटवर एकच काम होई. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्राच्या ओल्या घडीत गुंडाळून ठेवायचे. आठवड्यानं उघडून किती उगवले ते मोजायचे. तो आकडा वेबसाइटवर टाकला की एकरी किती बियाणं लागेल ते समोर येतं. सत्तर उगवले तर तीस किलो, साठ उगवले तर पस्तीस.

कंपनीनं तिची जागा भरली नव्हती. मेअखेरपर्यंत कळवा, असा निरोप होता. तिनंही घरी सांगून टाकलं होतं की पेरणीआधी लोक वेबसाइटवर आले नाहीत तर जूनपासून पुन्हा पिशव्या. एप्रिलमध्ये मी किन्हीराजाला गेलो तेव्हा तिनं मोबाइल पुढे केला.

"दादा, दिवसाले अकरा जण येतात. त्यातले तीन आपल्याच घरचे."

"चार," बाजेवरून तिचे सासरे म्हणाले. "मी दोनदा पायतो."

मी म्हणालो, मे संपायच्या आत माणसं आणून देतो.

"आन् नाही आली तं?"

"येतील."

"पत्रकारसाहेब," सासरे म्हणाले, "तुमचा पेपर बंद पडला तवाबी तुमी असंच म्हणले होते का?"

बहिणीनं त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना गप्प केलं नाही. प्रश्न तिचाही होता.

पहिला लेख मी दोन दिवसांत लिहिला. सुरुवात चांगली होती, दाणे कसे निवडायचे ते नीट आलं होतं, आणि शेवटी एक ओळ होती: एकरी बियाण्याचं गणित या पत्त्यावर करून मिळेल. सहा पोर्टल आणि दोन साप्ताहिकांना तो पाठवला. आठवडाभरात आठही ठिकाणी छापून आला. एवढ्या ठिकाणी एकाच आठवड्यात लेख लागणं हे कोणत्याही हिशेबानं यश होतं. बहिणीला फोन केला.

"काल किती आले?"

"अकरा," ती म्हणाली.

मग मी आठही ठिकाणचा लेख उघडून बसलो. मथळे वेगळे, फोटो वेगळे, एकानं सोयाबीनच्या लेखाला हरभऱ्याचा फोटो लावला होता. मजकूर मात्र जसाच्या तसा. फक्त आठही ठिकाणी लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर संपत होता. पत्ता कुठेच नव्हता.

कामरगावचं पोर्टल चालवणारा पूर्वी माझ्याकडे तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. बसनं त्याच्याकडे गेलो. तो चौकातल्या हॉटेलात चहा पीत मोबाइलवर बातमी टाकत होता.

"शेवटची ओळ काहून कापली रे?"

"कोणती ओळ?"

"पत्त्याची."

"ती व्हय. खालची व्हती ना. खालचं कापलं."

"पेपरात जागा कमी पडते म्हणून खालचं कापतात. तुझ्या पोर्टलवर जागा कुठं कमी पडली?"

"जागा लय हाय, भाऊ. पण हात जाते ना तिकडं." त्यानं कप ठेवला. "अन् तुमीच तं शिकवलं. पयल्या दिवशी. मी तं वहीत लिवून घेतलं व्हतं."

हॉटेलवाला हसला. त्याला विषय माहीत नव्हता, पण कोण कोणाला सापडलं ते कळलं होतं.

आठांपैकी सहा जण माझ्या हाताखालून गेलेले होते. उरलेले दोघे त्यांच्या हाताखालून. जिल्हाभर मी जी सवय लावली होती ती माझ्या लेखाला लावली गेली होती, आणि लेखातली सर्वांत महत्त्वाची ओळ मी स्वतः तिच्या तोंडी ठेवली होती. नव्या प्रतिनिधीनं असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं असतं.

दुसरी चूकही कामरगावच्या त्या पोर्टलवाल्यानंच दाखवली, न विचारता. त्यानं मोबाइलवर लेखाचा विषय शोधला. सगळ्यात वर त्याचं पोर्टल आलं, मग बाकीची. बहिणीची वेबसाइट कुठे दिसेना. मूळ लेख तिच्याकडे चढवायच्या आधी मी सगळ्यांना वाटून मोकळा झालो होतो. तिच्याकडे तो चार दिवसांनी चढला. शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या लेखी नक्कल करणारी तीच ठरली होती.

"आता पुढचा लेख पयले मले द्या," तो म्हणाला. "मथळा मी देतो. 'सावधान! तुमचं बियाणं उगवणारच नाही.' पहा कसे धावत येतात लोकं."

हा मथळा मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला. तो चालला असता, हे मला माहीत होतं. मथळ्यांचा माझा अंदाज सहसा चुकत नाही.

"ज्याचं उगवते त्याले काहून भेव दाखवता?" ती म्हणाली. "मग तो पिशवीच घेईन की. ते तं मी नोकरीत करतच व्हती."

तो मथळा बाद झाला.

दुसऱ्या वेळी काम क्रमानं केलं. पूर्ण लेख आधी तिच्या वेबसाइटवर चढवला आणि आठ दिवस कोणाला काही दिलं नाही. त्या आठ दिवसांत वेगवेगळे छोटे लेख लिहिले. एकात दाणे कुठल्या पोत्यातून आणि पोत्याच्या कुठल्या भागातून घ्यायचे ते होतं, एकात घडी किती ओली ठेवायची ते, एकात अर्धवट कोंब आलेला दाणा मोजायचा की नाही ते. ज्या तालुक्याचा लेख, त्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याशी बहीण बोलली आणि त्याची अडचण त्यात घातली. प्रत्येक लेखात वाचक तिसऱ्या परिच्छेदात दाणे मोजत होता. चौथ्याची सुरुवात अशी होती: तुमचा आकडा या पत्त्यावर टाका, म्हणजे एकरी किती किलो ते कळेल. पाचव्यापासून पुढे त्या उत्तराचं काय करायचं ते. चौथा परिच्छेद काढला तर पाचवा कशाबद्दल आहे ते कळलं नसतं. शेवटचे दोन परिच्छेद मी मुद्दाम असे लिहिले होते की ते गेले तरी बिघडू नये.

ते गेलेच. जवळजवळ सगळ्यांनी कापले. चौथा परिच्छेद प्रत्येक ठिकाणी शाबूत होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बहिणीनं किती जण आले ते सांगणं बंद केलं. ती फक्त प्रश्न वाचून दाखवू लागली. मानोऱ्याच्या एकाला विचारायचं होतं की शंभराऐवजी पन्नास दाणे ठेवले तर चालतं का. एकीनं लिहिलं होतं की सासू म्हणते कोंब मोडलेला दाणाही धरायचा, तुम्ही कुणाच्या बाजूनं? तिला उत्तर देताना बहिणीनं बराच वेळ घेतला आणि सासूच्या विरोधात दिलं.

महिना संपायला दोन दिवस असताना मी किन्हीराजालाच होतो. तिच्या मोबाइलवर एक फोटो आला. वर्तमानपत्राची ओली घडी उलगडलेली, तिच्यावर रांगेनं दाणे, पांढऱ्या मुळ्या कागदाला चिकटलेल्या. तो कागद दोनांपैकी एका साप्ताहिकाचा होता आणि पानावर आमचा लेख होता. खालचा भाग फाटून गेला होता. मुळ्यांच्या मधून पत्त्याची ओळ वाचता येत होती. फोटोखाली मजकूर होता: "अडुसष्ट निघाले. तुमच्या पत्त्यावर टाकलं तं एकतीस किलो आलं. बराबर हाय का?"

"बराबर हाय," तिनं लिहिलं, आणि पेरणीपूर्वी आणखी एकदा शंभर दाणे ठेवून पाहायला सांगितलं.

कंपनीचा फोन त्याच दुपारी आला. ती उठून अंगणात गेली नाही, आमच्यासमोरच बोलली.

"नाही साहेब, जूनपासून नाही जमणार. इथं कामात हाय मी, लोकांचे दाणे मोजून राह्यली." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाही, नंतरबी नाही. जागा भरून टाका."

फोन ठेवून तिनं सासऱ्यांकडे वळून विचारलं, "मामाजी, तुमी ठेवले व्हते ना दाणे? किती निघाले?"

"ब्याऐंशी," ते बाजेवरून म्हणाले. "टाकलाबी आकडा मी. पण मले मोजू नको, मी घरचा हाय."