हात लावू नये, मला विचारावे

मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर मी तरुणपणी लिहिलं. तेव्हापासून मी त्याला सांभाळतोय की त्याने मला धरून ठेवलंय, हे आता सांगता येत नाही. माल आत किती आला, बाहेर किती गेला, गेटवरच्या काट्यावर ट्रकचं वजन किती भरलं, सगळं त्यात. काही अडलं की फोन मला. दिवाळीच्या फराळाला बसलो तरी फोन, सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत बसलो तरी फोन. गोत्रीच्या आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा हल्ली विचारतो, "साहेब, काटा चालू झाला का?"

म्हणून कारखान्याच्या शेठनी हे काम एका मोठ्या कंपनीकडे द्यायचं ठरवलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला झोप आली. खरोखरची, तिथेच, त्यांच्या केबिनमध्ये, इतकं हलकं वाटलं.

शेठ म्हणाले, "भाऊ, फक्त एक चोपडी बनवून द्या. कुठे काय केलंय ते सगळं. नव्या कंपनीच्या बेनला ती समजली, की तमे छुट्टा."

छुट्टा! मोकळा! मी जिना उतरतानाच दुपारच्या झोपेची वेळ ठरवून टाकली.

आता एवढं पुस्तक लिहायचं कुणी? पण आमच्या धंद्यात आळशांची सोय असते. प्रोग्रॅम लिहिताना मध्येमध्ये, ठरावीक खुणांच्या आत, माणसांसाठी चार ओळी लिहून ठेवायच्या असतात: हा तुकडा काय करतो, का करतो. मशीन त्या ओळी वाचत नाही, सोडून पुढे जातं. सगळ्या फायलींमधून तेवढ्याच ओळी उपसून, अनुक्रमणिकेसकट पुस्तक करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो चालवला. चहा गाळेपर्यंत पुस्तक तयार.

मग ते वाचलं, आणि चहा कडू लागला.

सुरुवातीच्या फायलींत मी बरा मुलगा होतो. इंग्रजी अक्षरांत मराठी, पण नीटनेटकं, समजावून सांगणारं. पुढे पुढे मुलगा बिघडत गेला होता. एका ठिकाणी 'वरीलप्रमाणे', आणि वर काही नाही. एका ठिकाणी 'ही फाईल उघडलीच असेल तर देव तुमचं भलं करो'. एका ठिकाणी 'शेठना सुचलेली कल्पना. नाइलाज'. आणि जिथे खरोखर काही सांगायला हवं होतं तिथे प्रत्येक वेळी एकच: 'इथे हात लावू नये. मला विचारावे'. तिशीत माणसाला आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं असं फार वाटतं. अडलंही. माझंच.

सुधारायची रीत अशी, की मूळ फायलींमधल्या ओळी नीट करायच्या आणि पुस्तक पुन्हा काढायचं. पण चालत्या कारखान्याच्या फायलींना कोण हात लावणार? मी तयार झालेलं पुस्तकच दुरुस्त करत बसलो. थट्टा काढली, 'मला विचारावे' पुसून तिथे गंभीर, गुळगुळीत, काहीही न सांगणारी वाक्यं घातली. पाठ मोडून आली.

बायको म्हणाली, "एवढं काय लिहिताय? आत्मचरित्र?"

"हो, पण त्यातून मला काढून टाकतोय."

पाठवायच्या दिवशी सकाळी दिसलं, मुखपृष्ठावर कारखान्याचं जुनं नाव राहिलंय. ते बदललं आणि सवयीने पुस्तक काढायचं बटण पुन्हा दाबलं. बटणाने आपलं काम चोख केलं. सगळ्या फायलींमधल्या मूळ ओळी नव्याने उपसल्या आणि माझ्या दुरुस्त केलेल्या पुस्तकावर ते जुनं पुस्तक आणून बसवलं. मी फक्त मुखपृष्ठ पाहिलं. नाव बरोबर होतं. दिलं पाठवून, आणि जेवून झोपलो.

त्या आठवड्यातच केबिनमध्ये बैठक झाली. नव्या कंपनीच्या बेन म्हणजे वासण्याला राहणारी, चाळिशीची एक मराठी बाई. समोर छापून आणलेलं माझं पुस्तक, त्याला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या.

"काका, काय लिहिलंय हो! मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला."

माझ्या त्या गंभीर वाक्यांनी ठसका लागावा असं काही मला आठवेना. तरी मी विनयाने हसलो.

"वाचू?" म्हणाली, आणि वाचायला लागली. "'ही फाईल उघडलीच असेल तर देव तुमचं भलं करो.'"

फाफड्याचा तुकडा माझ्या तोंडात तसाच राहिला. बटण दाबलेली सकाळ डोळ्यांपुढे आली. तोवर ती 'शेठना सुचलेली कल्पना' पर्यंत पोचली होती. मी शेठकडे पाहिलं. एकच आशा होती, शेठ गुजराती, 'नाइलाज' त्यांना कळायचा नाही.

"नाइलाज एटले उपाय नथी, बराबर ने?" शेठ म्हणाले. "हुं रावपुरामां मोटो थयो, भाऊ. शेजारच्या काकूंचा मार पण मी मराठीतच खाल्लाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागाने हाकलून दिलं असतं, मी घरी गेलो असतो. पण त्यांचं बोट 'मला विचारावे' वर होतं. पान उलटलं, पुन्हा तेच. पुन्हा उलटलं.

"मग विचारतेच," बेन म्हणाली. "काट्यावरून ट्रकचं वजन दोनदा घेतलंय. पहिला आकडा टाकून दिलाय. का?"

मी ओळ पाहिली. माझीच होती. काही म्हणजे काही आठवेना.

"त्याला कारण होतं," मी म्हणालो.

"काय?"

"मोठं होतं."

शेठनी पुस्तक मिटलं. "भाऊ, तमनेच खबर नथी, तर बेनला कशी पडणार? छुट्टा नाही. प्रत्येक फाईल बेनसमोर बसून लिहा. ती हो म्हणाली की पुढची. तोवर फोन तुमच्याकडेच."

तेव्हापासून मी रोज वासण्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसतो. पहिली फाईल काट्याचीच निघाली. चाचणीच्या मशीनवर तो टाकून दिलेला आकडा घेऊन पाहिला. काही बिघडलं नाही. मी उत्साहाने लिहिलं, 'हे निरुपयोगी आहे, काढावे'.

"गेटवर जाऊन बघितलंत?" बेन म्हणाली.

गेलो. भर दुपारी काट्याजवळ उभा राहिलो. भरलेला ट्रक चढला, थांबला, आणि थांबल्यावरही काटा जरा डोलत राहिला. आकडा वरखाली, वरखाली, मग स्थिर. म्हणजे पहिला आकडा डोलत्या काट्याचा. एवढंच ते मोठं कारण.

परत येऊन मूळ फाईलमध्येच ओळ घातली: 'ट्रक थांबल्यावरही काटा थोडा हलतो, म्हणून पहिलं वजन धरत नाही.'

बेनने दोनदा वाचलं. "हे चालेल, काका."

शाळेत शेरा मिळावा तसा मी खुलून गेलो. तेवढ्यात तिने पुढची फाईल उघडून दिलीसुद्धा.

सध्या गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाच्या फाईलपाशी आहे. लांबलचक आहे, तीन ठिकाणी स्वतःलाच गुंडाळून परत येते. तिच्या माथ्यावर तिशीतल्या त्या दीडशहाण्याने दोनच शब्द लिहून ठेवलेत: 'सोपं आहे'. सोमवारपासून त्या दोन शब्दांपुढे बसलो आहे.