कृषी केंद्रातला जपानी चहा

आमच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांवर जशी धूळ साचते, तसे किस्से साचतात. झटकायला कुणाला वेळ नसतो. आज मी झटकते, कारण गेले तीन महिने या दुकानात बियाण्यापेक्षा जास्त चर्चा जपानी चहाची झाली. आणि तो गुन्हा माझा आहे.

दुकान फुलसावंगीत. बाबा गल्ल्यावर, आणि मी बी.एस्सी. अ‍ॅग्री होऊन त्यांच्या शेजारी. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासोबत एक कट चहा, साखर भरपूर, हा बाबांचा जुना नियम. डॉक्टरांनी बाबांच्या शुगरचा रिपोर्ट पाहिला आणि सरळ सांगितलं, "तीन महिने दूध-साखरेचा चहा बंद. त्यानंतरही शुगर अशीच आली, तर इन्सुलिन."

दिवसभर विषारी औषधांचे डबे हाताळणारा हा माणूस सुईचं नाव काढलं की पांढरा पडतो. तरी बाबा म्हणाले, "मंग दुकानच बंद करतो ना, डॉक्टरसाहेब!"

दूध नको, साखर नको, आणि तरी चहा हवा. मी मोबाइल काढला.

* * *

ऑनलाइन दुकानात जपानी ग्रीन टीचे इतके प्रकार की निवडता निवडता जेवण गार झालं. मी बाबांना वाचून दाखवलं, "हा सेंचा. ताज्या गवताची चव, समुद्री शेवाळाचा सुगंध."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "गवतच खायचं तं मी शेताच्या धुऱ्यावर जातो ना! तिथं डिलिव्हरी चार्ज बी नाही लागत!"

मी ऑर्डर केलीच. मोठ्यांची संमती घेत बसलं असतं, तर या घरात अजून गॅसही आला नसता.

* * *

पाकीट आलं ते नेमकं नामदेवकाकांसमोर. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज दहा वाजता येऊन आमच्या स्टुलावर बसतात. शेती दहा एकर, सल्ले शंभर एकर!

काकांनी पाकीट कीटकनाशकाच्या बाटलीसारखं फिरवून फिरवून पाहिलं. बॅच नंबर पाहिला, एक्सपायरी पाहिली. मग गंभीरपणे फवारणीचा डोस विचारला, "पंपाले किती?"

"काका, चहा आहे तो. कपाला दोन ग्रॅम. पाणी उकळतं नको, सत्तर डिग्री."

"अन् तिकोन कुठं हाय?"

औषधाच्या लेबलवर विष किती ते दाखवणारा रंगीत तिकोन असतो, तो ते शोधत होते. मी म्हटलं, यात विषच नाही, तर तिकोन कसा असेल?

काकांनी पाकीट बाबांच्या हातात ठेवलं. "डुप्लिकेट हाय रे. फसली पोरगी!"

* * *

सेंचा बाबांनी दोन दिवसांत सोडला. मग मी माचा मागवला. हिरवीगार, मैद्यासारखी बारीक पावडर, इवलीशी डबी आणि छातीत कळ यावी असा भाव.

मी दोन दिवस यवतमाळला गेले. परत आले, तर डबी गायब!

झालं असं, की काकांना तुरीच्या बियाण्याला चोळायला ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोगावरचं औषध, हवं होतं. तीही हिरवट पावडरच. बाबा फोनवर होते. त्यांनी नुसता हात केला, "टेबलावर हाय, घेऊन जा."

मी डोक्याला हात लावून बसले. पंधरा दिवसांनी काका आले ते हसतच. "पोरी, त्या डबीतल्या औषधाचा रिझल्ट लय भारी! एक दाणा वाया नाही गेला. अजून दोन डब्या मागव!"

* * *

तिसऱ्या वेळी मी वैतागून मोबाइलच बाबांच्या हातात दिला. "घ्या, तुम्हीच निवडा!"

बाबा वाचत बसले. सगळ्यात वर पहिल्या तोडणीची कोवळी पानं होती, भाव दुप्पट.

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "पह्यल्या वेचणीच्या कापसाले बी भाव राह्यतेच. मंग याची फरदड कोणती?"

फरदड म्हणजे कापूस वेचून झाल्यावर तीच झाडं पाणी देऊन ठेवायची आणि उरलंसुरलं पीक काढायचं. मी खाली सरकवत गेले, तर खरंच सापडली! बांचा. उशिराच्या तोडणीची जाड पानं, चव सौम्य, भाव कमी.

"हेच!"

"बाबा, शेतकऱ्यांना तुम्हीच सांगता ना, फरदड घेऊ नका, बोंडअळी येते?"

"जपानात बोंडअळी नाही," असं म्हणून बाबांनी स्वतः बटण दाबलं.

आणि प्यायले! तोंड वाकडं न करता! फक्त गिऱ्हाइकं कट चहा घेत गप्पा मारायची, आणि बाबा कोपऱ्यात आपला स्टीलचा ग्लास घेऊन दवाखान्यातल्या पेशंटसारखे बसायचे.

* * *

महिनाभर पुरेल असं पाकीट आठ दिवसांत संपलं. दुसरंही तसंच. त्यात रोज चार वाजता बाबा "आलोच" म्हणून गायब. मला कळायचं ते कळलं. पानं नालीत, आणि बाबा गफूरभाईंच्या चहाच्या टपरीवर! रक्त तपासायला दोन दिवस उरले होते.

मी तरातरा गेले. बाकड्यावर बाबा, नामदेवकाका आणि आणखी चार म्हातारे, प्रत्येकाच्या हातात ग्लास. मी बाबांचा ग्लास हिसकावला. "लाज नाही वाटत? इन्सुलिन घ्यायचंय का?" आणि सगळ्यांसमोर एक घोट घेतला.

बांचा!

मी काकांचा ग्लास ओढला. तोही बांचा. त्यांच्या शेजारच्याचाही.

"सबका वही है, बेटी," गफूरभाई भांडं विसळत म्हणाले. "चार बजे दुसरी चाय बनतीच नहीं. तुझा बी टाकू?"

"काका, तुमची शुगर तर नॉर्मल आहे! तुम्ही कायले पिता हे?"

काकांनी माझ्या हातून ग्लास परत घेतला, एरंडेल घ्यावं तसा डोळे मिटून एक घोट गिळला आणि माझ्यावरच खेकसले, "तुह्या बापाले एकट्यालेच पेऊ देऊ काय वं?"