वाळूचा मुहूर्त

बेगडेवाडीच्या अनिताला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या, श्रद्धा आणि जीभ. त्यातली कुठली कधी वापरायची, हे कळायची अक्कल तेवढी द्यायची राहून गेली.

नागपंचमीच्या दुपारी देवळात महिला भजनी मंडळ जमलं होतं. गोकुळाष्टमीचा पाळणा माळ्यावरून खाली काढला, तर त्याचे दोन खांब हातातच आले. वाळवीनं आतून पार भुसा केला होता. मंडळाच्या प्रमुख चिमाबाई, वय सत्तरीच्या पुढं पण आवाज अजून टाळ-मृदंगाला न जुमानणारा, त्या म्हणाल्या, “जाऊ द्या. पुण्यावरनं तयार आनू.”

“कशाला पुण्याहून?” कुणीतरी म्हणालं. ते आपणच म्हणालो, हे अनिताच्या जरा उशिरा ध्यानात आलं. “आमच्याकडे लाकूड कातायचं मशीन आहे ना! पाळणा आमच्याकडून. सागाचा, कातीव खांबांचा.”

“आदिनाथभाऊला इचारलंस का?”

“त्यांना काय विचारायचं, मावशी? ते नाही म्हणतच नाहीत.”

हे मात्र खरं होतं. तीस वर्षं लोणावळ्याला रेल्वेच्या सिग्नलवर काढून आदिनाथ निवृत्त झाला आणि तळेगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं लेथ घेऊन आला. आजवर त्याच्यावर अकरा लाटणी झाली होती. त्यातली दोन सरळ लाटत. उरलेल्या नऊ लाटण्यांच्या पोळ्या कुठल्या ना कुठल्या बाजूला जाड होत, आणि अनिता त्या निमूटपणे नवऱ्यालाच वाढी.

घरी येऊन तिनं पाळण्याचं सांगितलं, तेव्हा आदिनाथ चहा बशीत ओतत होता. ओतायचा थांबला.

“चार खांब? अगं, एवढं जाड लाकूड लावलं की मशीन जागेवर राहत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे चालायला लागतं. परवा दारापर्यंत गेलं होतं. मी बटण बंद केलं म्हणून, नाहीतर इंदुरी गाठली असती त्यानं.”

अनिताला तेव्हा उमगलं की रोज संध्याकाळी देवघरातला बाळकृष्ण भिंतीकडे तोंड करून का बसलेला असतो. लेथ पडवीत, देवघर भिंतीपलीकडं. महिनाभर तिला वाटत होतं की आपल्या हातून सेवेत काही चुकलं, म्हणून देव रुसला. त्यापायी तिनं दोन गुरुवार जास्तीचे धरले होते.

अष्टमीला अठरा दिवस होते. आणि शब्द देवळात, देवासमोर, चिमाबाईंच्या कानावर गेला होता. देवानं एक वेळ माफ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी आदिनाथनं शेजारच्या इंदुरी गावातून सखारामला आणलं. सखाराम जुना सुतार, आदिनाथचा रेल्वेतला दोस्त. त्यानं लेथ ज्यावर उभं होतं त्या लोखंडी घोडीला एक हलकी लाथ मारली. ती गदगदा हलली.

“ह्याच्या बुडात कायच न्हाई,” तो म्हणाला. “वयनी, जात्याची खालची तळी हलली तर दळन व्हईल का? ह्याला बूड पायजे. जड. असं कपाट बांधू, वर लेथ बसंल, मधी पटाशा, छिन्न्या ठेवायला तीन खण, आन् तळाला बंद पेटी. त्या पेटीत वाळू भरायची. मंग हत्ती आला तरी हलनार न्हाई.”

माप घ्यायचं होतं ते आदिनाथच्या कोपराचं. कातताना लाकूड कोपराच्या उंचीला आलं पाहिजे, नाहीतर पाठ धरते. इथंही अनिता मधे पडली. “चप्पल घालून मोजा हो, पडवीत ते चप्पल घालूनच असतात.” सखारामनं मान डोलावली. ही तिची सबंध कामातली एकमेव उपयोगी सूचना. पण ती मान्य झाल्यामुळे आपल्याला यातलं बरंच कळतं असा तिचा समज झाला, आणि तिथून घोळ सुरू झाला.

चार दिवस दोघं मित्र राबले. लोणावळ्यात पाडलेल्या एका बंगल्याच्या सागवानी चौकटी मिळाल्या, त्यांचा सांगाडा झाला. जाड प्लायचे दोन-दोन तक्ते एकावर एक चिकटवून बाजू उभ्या राहिल्या. खण असे बसले की एक बोट लावलं तरी सर्रकन आत. सोमवारी सकाळी सखाराम म्हणाला, “आता वाळू. पन कोरडी पायजे हां. कोरडी ठणठणीत. चार दिस पत्र्याखाली पसरा, मंग भरू.” आणि तो भाचीच्या घरी शिरगावला निघून गेला.

अनितानं कालनिर्णयाचं पान पाहिलं. श्रावणी सोमवार, त्यातून अमृतयोग, सकाळी अकरा बावीसपर्यंत. पुढचे चार दिवस एकही धड योग नव्हता.

“आजच भरू,” ती म्हणाली.

“सखाराम कोरडी म्हणाला.”

“अहो, वाळू ती वाळू! नदीतच जन्म तिचा, पाण्यानं तिला काय होणार? मुहूर्त परत येणार आहे का?”

आदिनाथ नाही म्हणत नाही, हे वर आलंच आहे.

शेजारच्या बांधकामाची उरलेली वाळू कुंपणाशी पडली होती. आषाढापासून तिच्यावर पाऊस पडत होता. शेजाऱ्यांनी खुशाल न्या म्हटलं. सोळा घमेली तिनं पदर खोचून स्वतः मोजून भरली, तळाशी सुपारी आणि हळकुंड ठेवून. अकरा वीसला झाकण बसलं. स्क्रू पिळताना ती मोठ्यानं स्तोत्र म्हणत होती.

लेथ चढवलं, सुरू केलं. जागचं तसूभर हललं नाही. अनितानं आत जाऊन बाळकृष्ण पाहिला, तो सरळ तिच्याकडे बघत होता. पुढचे चार दिवस तिनं वाटेत भेटेल त्याला मुहूर्ताचं महत्त्व सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं, त्याला लेथ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आदिनाथनं पहिल्या खांबासाठी गोल पटाशी काढायला खण ओढला. खण आला नाही. दुसरा ओढला, तिसरा ओढला. मग पाय लावून ओढला, तर मूठ हातात आली. खाली जमिनीवर पाण्याचा ओघळ होता आणि कपाटाच्या बाजू पुरीसारख्या फुगल्या होत्या. साऱ्या पटाशा आत, खण घट्ट.

“अगं,” तो एवढंच म्हणाला. तीस वर्षांच्या संसारात त्याचं रागावणं याच्या पुढं गेलं नव्हतं, आणि अनिताला तेच लागायचं.

सखाराम शनिवारी आला. त्यानं फुगलेल्या प्लायवरून हात फिरवला. “वयनी, योग अमृताचा व्हता म्हनं. लय पाझरतोय.”

“आता किती बोलायचं ते बोला, भाऊ. पण उपाय सांगा.”

“वाळू भाईर काढायची. प्लाय वाळला की रंधा मारून खण सोडवतो मी. वाळू सुकवायची. पन पत्र्याखाली चार दिस सुकवाया येळ कुटं हाये? ऊन न्हाई. आता ही भाजायची.”

भाजायची तर कढई हवी, आणि सोळा घमेली पेलणारी कढई गावात एकच, देवळातली भंडाऱ्याची. किल्ली चिमाबाईंच्या कमरेला.

अनिता देवळाला दोन प्रदक्षिणा घालून मग चिमाबाईंच्या दारात गेली. “मावशी, मोठी कढई हवी होती एक दिवस.”

“कशाला ग?”

“चिवडा करायचाय.”

“श्रावनात? किती किलोचा?”

इथं अनिताची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. एवढी मोठी कढई लागायला किती किलोचा चिवडा सांगावा लागेल, याचा तिनं हिशेबच केला नव्हता. ती पायरीवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ओली वाळू, अमृतयोग, अडकलेल्या पटाशा, आणि आठ दिवसांवर आलेली अष्टमी. “माझ्यामुळं देवाला पाळणा नाही मिळायचा, मावशी,” म्हणत तिनं पदरानं नाक पुसलं.

चिमाबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. डोळे पुसून म्हणाल्या, “अगं येडे, माझ्या बापाची वडगावात फुटान्याची भट्टी व्हती. वाळू भाजन्यात माझं बालपन गेलं. तू काय भाजशील, जाळशील पडवी. चल, मी येते.”

रविवारी सकाळपासून गोठ्याच्या पत्र्याखाली तीन दगडांची चूल पेटली. चिमाबाई पाटावर बसून फावड्याएवढ्या उलथण्यानं वाळू परतत होत्या आणि अनिता घमेली वाहत होती. नाकातोंडात धूर आणि कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं. रस्त्यानं जाणारी रुपाली, सखारामची सून, थांबली.

“काय भाजताय काकू?”

“वाळू,” अनिता म्हणाली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

“उपासाला चालती का?”

“हिला चालती,” चिमाबाई म्हणाल्या. “हिला मुहूर्तावर कायबी पचतं.”

भाजलेली वाळू पत्र्यावर पसरली. चिमाबाई मूठभर उचलून बोटांमधून सोडत. आवाज बदलला की म्हणत, “झाली.” ओली वाळू पडताना बोलत नाही, कोरडी सळसळते. अनितानं चारदा कान लावला, तेव्हा कुठं तिला फरक कळला.

पाच वाजता वाळू कोमट झाली. सखारामनं खण सोडवून ठेवले होते, पेटीला आतून रंग लावून प्लास्टिक घातलं होतं. आदिनाथ घमेलं उचलून थांबला. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ, हे त्यालाही बायकोमुळं पाठ होतं.

“काय ग,” चिमाबाईंनी विचारलं, “मुहूर्त कसा हाये?”

अनितानं मूठभर वाळू उचलली, सोडली, ऐकली.

“कोरडा आहे,” ती म्हणाली. “भरा.”

सहा दिवसांत चार खांब झाले. तीन एकासारखे एक. चौथ्याला आदिनाथचा हात जरा जास्त चालला आणि तो गळ्याशी बारीक झाला. नवीन करायला लाकूड नव्हतं. शनिवारी दुपारी देवळात पाळणा जोडला, तेव्हा बायका भोवती गोळा झाल्या. कुणी काही बोलायच्या आत अनितानंच बोट दाखवलं. “हा बघा, हा बारीक आहे. भिंतीकडं करू.”

“कशाला भिंतीकडं?” चिमाबाईंनी पाळण्याची दांडी धरून दणदणीत झोका दिला. कडी कुरकुरली, पण खांब हलले नाहीत, पाळणा फक्त झुलला. “सिग्नलवाल्यानं केलाय, एवढं चालतंय. उद्याला हितंच जन्म.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आदिनाथ मंडपाच्या खांबाआड उभा राहून लाजत होता. चिमाबाई सभामंडपाचं छप्पर न्याहाळत म्हणाल्या, “ह्या मंडपाला बी कातीव खांब लय शोभतील. सोळा लागतील, न्हाई?”

अनितानं झटकन ताटातला खडीसाखरेचा सगळ्यात मोठा खडा उचलून तोंडात टाकला आणि ओठ घट्ट मिटले. आदिनाथनं सुटकेचा श्वास सोडला.

तोंड बंदच राहिलं. मान मात्र हलली, आणि ती चिमाबाईंनी पाहिली.