माझ्यासमोर गिळायची गोळी

माझे वडील, दादा, मला पोचवायला संभाजीनगरच्या स्टेशनवर आले, तेव्हा त्यांच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता आणि मनात एकच प्रश्न. दिल्लीकडची गाडी अर्धा तास उशिरा होती. बाकावर बसून त्यांनी सावकाश विचारलं, "तुझे पेशंट झाले का समदे पुरे?"

मी म्हटलं, झाले.

"मग जा. दारं धरलेल्या माणसानं सरी भरल्याबिगर उठू नाय, म्हणून इचारलं."

दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देताना फावडं घेऊन एकेका सरीत पाण्याची वाट वळवत उभं राहणं. आपल्यातले जे शहरातच वाढले त्यांच्यासाठी सांगते, बाकीच्यांना ठाऊकच आहे. दादांनी बिडकीनच्या रानात जन्मभर तेच केलं. त्यांना मी खोटं सांगितलं. एक पेशंट अर्ध्यावर होती, शहरातल्या उस्मानपुऱ्यातली शाहीनआपा. आदल्या दिवशी तिलाही मी खोटंच सांगून आले होते: गावाकडं काम आहे, आठ दिवसांनी येते.

तुम्ही सगळे माझ्याबरोबर होतात, तुम्हाला वेगळं काय सांगू? टीबीचा कार्यक्रम सरकारचा, पण आपले पगार परदेशातल्या मदतीचे. तिकडं कुणीतरी नळ बंद केला आणि इकडं आपल्याला दोन ओळींचं आभाराचं पत्र आलं. बारा वर्षं गल्लोगल्ली फिरलेली माणसं महिनाभरात पांगली. प्रमोदनं औषध कंपनीची बॅग उचलली, इरफान रियाधला गेला, सुरेखा नर्सिंग कॉलेजात शिकवते. मला गुरुग्रामला एका आरोग्य विम्याच्या कंपनीत जागा मिळाली. आई म्हणाली, आता तरी सावलीतली नोकरी मिळाली. एवढी सावली की दिवसभर ऊन दिसत नाही.

शाहीनआपाचा टीबी साध्या औषधांना न जुमानणारा, कोर्स दीड वर्षाचा. साड्यांना फॉल-पिको करणारी ही बाई, नवरा सकाळीच रिक्षा घेऊन बाहेर पडायचा. आजार कळल्यावर जावेनं भांडी वेगळी केली आणि शेजारणींनी उंबरा सोडला. आपला नियम साधा होता: गोळी माझ्यासमोर गिळायची, मग तोंड उघडून जीभ दाखवायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला जिभेखाली गोळी लपवताना पकडलं. ती चिडली नाही. तिनं निळ्या फुलांच्या कपात चहा ओतला आणि माझ्यापुढं सरकवला. "तुम चाय पिये तो मैं गोली खाती."

टीबीच्या घरात कुणी चहा घेत नाही. मी घेतला. तिनं गोळ्या गिळल्या आणि लहान मुलीसारखी जीभ बाहेर काढली. त्यानंतर नऊ महिने सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमचा हा करार चालला. मळमळ तिला होई आणि तोंड वाकडं मी करी, म्हणून ती हसायची. मला वाटायचं, मी तिची ड्युटी करते. तेवढ्या चहापुरतं त्या गल्लीत माझी कुणी वाट बघतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

गुरुग्रामला माझी खोली अकराव्या मजल्यावर आहे. शेजारच्या दारावरच्या पाटीपलीकडं शेजाऱ्यांबद्दल मला काही ठाऊक नाही. ऑफिसात स्क्रीनवर क्लेम येतात, मी कागद तपासते, मंजूर किंवा नामंजूर लिहिते. पहिल्याच महिन्यात एका टीबी पेशंटची फाईल आली. शेऱ्याच्या रकान्यात मी सवयीनं लिहून मोकळी झाले: 'घरी गोळ्या कोण बघतं? पत्ता घेऊन भेट द्यावी.' टीम लीडर पोरगी भली होती. हसत म्हणाली, मॅडम, आपल्याला कुणाच्या घरी जायचं नसतं. तिनं तो शेरा पुसला. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, उगीच कशाला लपवू?

शाहीनआपाला मी आठ महिने फोन केला नाही. रोज सकाळी फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. कोर्स मध्येच सुटला की हा टीबी काय करतो ते मी बारा वर्षं लोकांना सांगत आले होते. फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर? या 'तर'पुढं माझी मजल जात नव्हती. दादा फोनवर विचारायचे, जेवली का, थंडी आहे का. पेशंटचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, म्हणून जास्त लागायचं.

मग इथल्या डॉक्टरनं माझं बीपी बघून मलाच गोळी लावली. रोज सकाळी एक, न चुकता. दीड महिन्यानं परत गेले तर आकडा तसाच. घरी येऊन पाकिटं उलटी केली, निम्म्या गोळ्या जागच्या जागी. दुसऱ्यांच्या जिभा तपासणारी बाई स्वतःच चोर निघाली. विसरत नव्हते मी. घेतली काय, नाही घेतली काय, बघणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी मी व्हिडिओ फोन लावला. तिनंच उचलला. वाळली होती, पण तीच होती. म्हणाली, "आठ दिन हो गए क्या, मॅडम?"

मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही आणि टाकलीही नाही. हळूहळू सांगत गेली. आठ दिवस तिनं चहा करून माझी वाट पाहिली. कराराप्रमाणं मी नाही, तर गोळीही नाही. माझ्या जागी आलेला सरकारी दवाखान्यातला नवा माणूस फोनवरूनच विचारायचा, घेतली का, आणि ती हां म्हणायची. नंतरचे चार दिवस रागात गेले. तेराव्या दिवशी ताप आला आणि ती घाबरली. तिनं निळ्या कपात चहा ओतला, माझ्या पाटापुढं ठेवला, गोळ्या गिळल्या आणि त्या रिकाम्या पाटाकडं बघून जीभ दाखवली. तेव्हापासून रोज तसंच. तो चहा मग तीच प्यायची, वाया कशाला घालवायचा. आता वीस दिवसांचा कोर्स उरला होता.

ते वीस दिवस मी फोनवर बसले. ती तिकडं गोळ्या घ्यायची, मी इकडं माझा चहा. शेवटच्या दिवशी जीभ दाखवून झाल्यावर तिनं रिकामं पाकीट कॅमेऱ्यापुढं हलवलं. त्याच संध्याकाळी मी दादांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "भरली ना सरी? मग झालं."

पण दुसऱ्या दिवशीची सकाळ वाईट होती. सव्वाआठ वाजले, चहा झाला होता आणि फोन करायला कारण उरलं नव्हतं. गावाकडं चक्कर मारायचा विचार केला, पण तिथं जाऊन चार दिवसांनी परत इथंच यायचं. उस्मानपुऱ्यात मला आता काम नाही, इथं कामापलीकडं काही नाही. माझी गोळी पाकिटातच होती.

तेवढ्यात फोन वाजला, शाहीनआपाचा. तिनं मला वीस दिवस नीट बघितलं होतं. माझ्या मागच्या खिडकीत पडलेलं गोळ्यांचं पाकीटही बघितलं होतं आणि ते रिकामं होत नाही हेही. ते काय आहे म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, बीपीची आहे, काही विशेष नाही.

तिनं निळा कप उचलून कॅमेऱ्यापुढं धरला. "मेरा कोर्स खतम हुआ. बीपी की गोली तो उमरभर की रहती ना? खाव, मेरे सामने."

कुणी घर कुठं म्हणून विचारलं तर मी अजून बिडकीनच सांगते, पत्त्यावरही तेच लिहिते. दिवसातले बाकीचे तास मी इथं एकटीच असते, ते काही बदललेलं नाही. पण सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी गोळी गिळते आणि तोंड उघडून जीभ दाखवते. उस्मानपुऱ्यातली एक बाई नीट निरखून बघते, मगच तिचा चहा पिते.